बीज, क्षेत्र आणि परळची प्रयोगशाळा



इतिहास म्हटला की आपल्या वसईकरांच्या डोळ्यांसमोर प्रथम किल्ला येतो, मग १७३९ ची चिमाजीअप्पांची मोहीम येते, आणि जरा मागे गेले तर सोपाऱ्याचा स्तूप येतो. हे सारे विषय माझ्याहून जाणत्या वक्त्यांनी आपल्यापुढे मांडले आहेत. मी कामगार चळवळीतला माणूस. माझे शालेय शिक्षण आठवीत संपले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून, आणि पत्ता सापडेल त्या डॉक्टरला व प्राध्यापकाला प्रश्न विचारून. आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे तो डोळ्यांना न दिसणाऱ्या एका पेशीचा आहे. तो बोलताना संकोच वाटतो हे खरे, पण या संकोचाची किंमत आजवर कोणी मोजली हे पाहिले म्हणजे तो बाजूला ठेवावाच लागतो.

माझी एक आत्या होती. लग्न होऊन ती सासरी गेली आणि सहा वर्षांनी निर्मळला परत आली. मूल झाले नाही, एवढाच तिचा अपराध. नवस झाले, उपास झाले, कार्तिकातल्या जत्रेत गर्दीतून वाट काढून देवापुढे ओटी ठेवून झाली. मग नवऱ्याने दुसरी बायको केली. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ पासूनच कायद्याने बंदी होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर झाली. पण कायदा पुस्तकात आणि बाई माहेरी, असा तो काळ. पुढे त्या दुसरीलाही मूल झाले नाही. आमच्या घरात ही बातमी आली तेव्हा माझी आजी एवढेच म्हणाली, "तिचंही नशीब तसंच!" एकाच घरात दोन बायकांचे नशीब सारखेच कसे फुटले, हा प्रश्न कोणाला पडला नाही. आत्यानेही तो कधी विचारला नाही. तळ्यावर धुणे धुताना ती बारशाच्या घरावरून वाट वाकडी करून जाई, एवढे मला आठवते.

आपल्याकडे जुनी समजूत अशी की बीज पुरुषाचे आणि क्षेत्र स्त्रीचे. समजूत शेतीवरून घेतलेली आहे, पण शेतकऱ्याची अक्कल मात्र तिच्यात घेतलेली नाही. आपल्या गावचा वाडीवाला उगवण झाली नाही तर आधी बियाणे तपासतो, मग जमिनीला नाव ठेवतो. माणसाच्या बाबतीत मात्र बियाणे तपासण्याची प्रथाच नव्हती. ती कशी सुरू झाली ते आता पाहू.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेवेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला हा माणूस स्वतः भिंगे घासून सूक्ष्मदर्शक बनवी. १६७७ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले की पुरुषाच्या वीर्यात शेपटीचे असंख्य सूक्ष्म प्राणी वळवळताना आपण पाहिले. जुनी मराठी पुस्तके त्यांना शुक्रजंतू म्हणत, आज आपण शुक्राणू म्हणतो. लांबी मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकी, आणि त्यातही बहुतेक शेपूटच. पाहिले खरे, पण ते काय करतात हे समजायला दोनशे वर्षे लागली. स्पालान्झानी या इटालियन धर्मगुरूने अठराव्या शतकात नर बेडकांना मेणकापडाच्या चड्ड्या घालून दाखवले की वीर्याचा स्पर्श झाल्याशिवाय अंडी रुजत नाहीत. इतका सुंदर प्रयोग करूनही, रुजवण्याचे काम शुक्राणू करतात हे मात्र त्याने मानले नाही. सस्तन प्राण्याचे बीज, म्हणजे मादीचे अंडे, फॉन बेअरने पाहिले ते १८२७ साली, शुक्राणूनंतर दीडशे वर्षांनी. आणि समुद्रातल्या साळुंद्रासारख्या काटेरी जीवाच्या अंड्यात शुक्राणूचे केंद्रक आणि अंड्याचे केंद्रक एकरूप होताना ऑस्कर हेर्टविगने पाहिले ते १८७० नंतरच्या दशकात. त्या दिवशी 'बीज आणि क्षेत्र' हा सिद्धांत शास्त्रापुरता संपला. बीज दोघांचेही असते, आणि निम्मे निम्मे असते.

आता मुंबईकडे येतो. या विषयावर उघड बोलण्याचे धाडस मराठी माणसाने केले, हे आपण विसरू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांचा लढा नको असलेले मूल टाळण्याचा होता. हवे असलेले मूल होत नाही त्यांचा प्रश्न वेगळा दिसतो, पण दोन्हींचे शास्त्र एकच आहे. कुलूप घालायचे असो की उघडायचे असो, आतली रचना माहीत असावी लागते.

हे परळमध्ये अक्षरशः खरे ठरले. भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यासाठी साधनांची परीक्षा करणारा एक लहान विभाग १९५४ साली मुंबईत सुरू झाला. त्यातून १९७० साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची 'प्रजनन संशोधन संस्था' उभी राहिली. परळला के. ई. एम. इस्पितळाच्या शेजारी, जहांगीर मेरवानजी मार्गावर ती आजही आहे, नाव मात्र बदलले आहे. जन्म कमी व्हावेत म्हणून निघालेल्या या संस्थेच्या हातून जन्माचे एक मोठे काम झाले, ते तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कारकिर्दीत.

आनंदकुमार हे मूळचे मेंदू आणि अंतःस्राव यांच्या संबंधांचे अभ्यासक. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत असताना त्यांनी माकडांवर प्रयोग करून, नाकात फवारलेले संप्रेरक मेंदूपर्यंत कसे पोहोचते आणि त्याचा गर्भनिरोधासाठी काय उपयोग होईल, हे तपासले होते. म्हणजे हे गृहस्थही आधी कुलूप घालणारेच. परळला आल्यावर त्यांनी के. ई. एम.च्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याबरोबर शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याचे काम हाती घेतले.

हे काम कठीण का, ते थोडे समजून घेतले पाहिजे. बीज आणि शुक्राणू एका बशीत ठेवले म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटत होते, आणि वर्षानुवर्षे त्यांचे प्रयोग फसत होते. १९५१ साली अमेरिकेत मिन च्युए चांग या चिनी शास्त्रज्ञाने आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन याने, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट शोधली. ताजा शुक्राणू धावतो, पण बीज रुजवू शकत नाही. मादीच्या शरीरात काही तास राहिल्यावर त्याच्या अंगावरचे आवरण बदलते, शेपटीचा फटकारा जोरकस होतो, आणि डोक्यावरच्या टोपीसारख्या पिशवीतले रस मोकळे होण्याच्या तयारीत येतात. मग तो बीजाच्या कवचातून आत शिरू शकतो. याला आपण पात्रता येणे म्हणू. उमेदवारी केल्याशिवाय कारागिराला यंत्रावर उभे करत नाहीत, तसाच हा प्रकार. ही उमेदवारी शरीराबाहेर, काचेच्या बशीत, योग्य द्रवात पुरी करून घेता येते, हे आधी उंदरासारख्या हॅमस्टर प्राण्याच्या पेशींवर सिद्ध झाले. १९६९ साली एडवर्ड्स, बॅव्हिस्टर आणि स्टेप्टो यांनी मानवी बीज बशीत रुजल्याचे जाहीर केले, तेही हॅमस्टरसाठी तयार केलेल्या द्रवाच्या आधाराने.

यातून आणखी एक धडा मिळाला. शुक्राणूंची नुसती मोजदाद पुरेशी नाही. आम्हा युनियनवाल्यांना हे लगेच पटते. हजेरीपटावरून फाटकातून किती माणसे आत आली ते कळते, काम किती झाले ते कळत नाही. एका वेळी कोट्यवधी शुक्राणू निघतात आणि बीजाच्या जवळ पोहोचतात ते शेकड्यांनी. म्हणून ते किती आहेत याबरोबर ते चालतात कसे, त्यांचा आकार कसा आहे, कवचाला चिकटतात का, हे पाहावे लागते. १९७६ साली हवाई बेटावर यानागिमाची या चांगच्याच शिष्याने कवच काढलेल्या हॅमस्टरच्या अंड्यावर मानवी शुक्राणूची शक्ती पारखण्याची कसोटी काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली वीर्य तपासणीची पहिली पुस्तिका काढली, आणि २०२१ साली तिची सहावी आवृत्ती निघाली. तीत एका मिलिलिटरला एक कोट साठ लाख ही खालची संदर्भसंख्या दिली आहे, पण त्याचबरोबर हेही सांगितले आहे की या एका आकड्यावरून कोणाला सक्षम वा अक्षम ठरवू नये.

अशा तयारीनिशी परळला काम झाले, आणि ६ ऑगस्ट १९८६ रोजी के. ई. एम.मध्ये एक मुलगी जन्मली. देशभर बातमी झाली, भारतातले पहिले परीक्षानळीतील बाळ. मला तो दिवस वेगळ्या कारणाने आठवतो. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले, त्यांतले ते एक. तो संप रीतसर संपलाच नाही. वडील निर्मळला परतले, आणि मी शाळा सोडून वसईच्या एका कारखान्यात लागलो. ज्या परळने आमचा घास काढून घेतला त्याच परळमध्ये शास्त्राने एका घरात मूल दिले, ही बातमी मी जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रात वाचली आणि घरी येऊन आत्याला वाचून दाखवली. तिने एकच प्रश्न विचारला, "त्या बाईला सासरचे काय म्हणाले असतील?" मला उत्तर देता आले नाही.

पण बाळ पहिले होते का? येथे कलकत्त्याची कथा सांगितली पाहिजे. जगातले पहिले असे मूल इंग्लंडात २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात एक मुलगी जन्मली. जगाने तिला 'दुर्गा' या नावाने ओळखले. तिच्यामागे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांचे सहकारी सुनीत मुखर्जी व डॉ. सरोजकांती भट्टाचार्य होते. डॉ. सुभाष यांनी कलकत्त्यात आणि एडिंबरोत अशा दोन डॉक्टरेट मिळवल्या होत्या. त्यांची रीत इंग्रजांच्या रीतीची नक्कल नव्हती. इंग्लंडात निसर्गक्रमाने येणारे एकच बीज घेतले, यांनी संप्रेरके देऊन अधिक बीजे तयार करवली. इंग्लंडात पोटातून दुर्बीण घालून बीज काढले, यांनी योनिमार्गाने काढले. आणि तयार झालेला गर्भ यांनी गोठवून ठेवून पुढच्या योग्य वेळी मातेच्या उदरात ठेवला. गोठवलेल्या गर्भापासून मूल झाल्याची नोंद जगात इतरत्र १९८४ ची आहे.

या माणसाचा सत्कार झाला असेल असे आपल्याला वाटेल. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. परीक्षानळीतील गर्भधारणेचा अनुभव समितीतल्या कोणालाच नव्हता. दावा खोटा ठरला. जपानला जाऊन संशोधन सांगण्याची परवानगी नाकारली गेली. आणि १९८१ साली त्यांची बदली झाली नेत्रविकाराच्या संस्थेत. कामगारांनो, बदली हे हत्यार आपल्या परिचयाचे आहे. माणसाला कामावरून काढायचे नसते, कामापासून तोडायचे असते. १९ जून १९८१ रोजी डॉ. सुभाष यांनी आत्महत्या केली. पन्नाशीचे होते.

पुढे अकरा वर्षे परळचे बाळ 'पहिले' राहिले असे म्हणता येईल, आणि तो मान ज्यांना मिळाला त्यांपैकी एक आनंदकुमार होते. १९९७ साली ते कलकत्त्याला गेले असता डॉ. सुभाष यांच्या हस्तलिखित नोंदी त्यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या बसून वाचल्या. प्रयोग करणाऱ्याची नजर कोणत्या टिपणावर थांबते हे प्रयोग करणाऱ्यालाच कळते. त्यांची खात्री पटली की हे काम खरे आहे. त्यांनी दुर्गेच्या आईवडिलांची हकीकतही विचारात घेतली, आणि त्याच वर्षी 'करंट सायन्स' या नियतकालिकात लिहून जाहीर केले की भारतातल्या पहिल्या परीक्षानळीतील बाळाचे शिल्पकार डॉ. सुभाष आहेत.

बंधूंनो, या गोष्टीची थोरवी कशात आहे ते पाहा. ते गप्प राहिले असते तर कोणी विचारणार नव्हते. नोंदी एका विधवेच्या घरात होत्या, लिहिणारा सोळा वर्षांपूर्वी गेला होता. स्वतःच्या नावावर असलेले 'पहिले' हे विशेषण त्यांनी आपल्या हाताने खोडले. त्यामुळे परळचे काम लहान झाले नाही. पद्धतशीर नोंदी ठेवून, शास्त्रीय जगाला तपासता येईल असे केलेले ते देशातले पहिले काम आहे, आणि तसेच ते सांगितले जाते. पण परळात जे मिळाले ते मिळण्यासाठी संस्था पाठीशी होती, शेजारी मोठे इस्पितळ होते, वर बसलेले लोक अडवणूक करत नव्हते. कलकत्त्यात यांतले काहीच नव्हते. बुद्धी दोन्हीकडे होती.

इंग्लंडातही सर्वांना न्याय मिळाला असे नाही. एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्टेप्टो १९८८ मध्ये वारले होते, आणि जीन पर्डी, ज्या परिचारिकेने प्रयोगशाळेचा भार वाहिला, त्या १९८५ मध्येच गेल्या होत्या. त्यांचे नाव कितीतरी वर्षे कोणी घेत नसे.

आता पुरुषाकडे परत येऊ, कारण आपल्या गावाला त्याचीच गरज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा प्रौढांतील एकाला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. ढोबळ मानाने अशा जोडप्यांपैकी निम्म्यांत पुरुषाकडील कारण असते, कधी एकटे, कधी स्त्रीकडील कारणाबरोबर. १९९२ पासून एक शुक्राणू सूक्ष्म सुईने थेट बीजात सोडण्याची ब्रसेल्सची रीत उपलब्ध आहे, म्हणून शुक्राणू फार कमी असलेल्या पुरुषालाही आशा आहे. पण त्यासाठी त्याने आधी तपासणीला गेले पाहिजे.

आणि पुरुषाचे कारण नेहमी शरीरातच जन्मते असे नाही. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका रसायन कारखान्यातल्या कामगारांच्या आपसांतल्या बोलण्यात आले की आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत. युनियनने तपासणीचा आग्रह धरला. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फार थोडे वा मुळीच नव्हते. ते डीबीसीपी नावाचे औषध बनवत होते. पिकांच्या मुळांना लागणारे सूत्रकृमी मारण्यासाठी ते वापरीत, आणि केळीच्या बागांत ते फार चाले. उंदरांच्या वृषणांवर त्याचा परिणाम होतो हे १९६१ पासून छापून आलेले होते, पण कामगारांना कोणी सांगितले नव्हते. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या बहुतेक वापरावर बंदी आली. मध्य अमेरिकेतल्या केळीच्या मळ्यांत मात्र ते पुढेही फवारले गेले, आणि तेथल्या हजारो मजुरांनी पुढे कोर्टात दाद मागितली. आपण केळीच्या मुलखातली माणसे. सुकेळी खाताना हा इतिहास आठवावा. शिशाच्या कामाचेही तसेच. रुमानियातल्या बॅटरी कामगारांवरचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला, त्यात शिसे अंगात भिनलेल्यांचे शुक्राणू कमी आणि सदोष आढळले.

उष्णतेचे तर साधे आहे. वृषण शरीराबाहेर लोंबतात ते उगीच नव्हे. शुक्राणू तयार होण्यास शरीराहून दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. एक शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात. काही वर्षांपूर्वी भट्टीवर काम करणारा एक तरुण आमच्या कचेरीत आला. बायकोला माहेरी पाठवण्याचे घरात ठरले होते. मी त्याला माझ्या आत्याची गोष्ट सांगितली. तो आठ दिवस फिरकला नाही, मग येऊन म्हणाला, "दादा, मी तपासून घेतो." अहवालात दोष त्याच्याकडे निघाला. डॉक्टरांनी कामाचे स्वरूप विचारले आणि भट्टीपासून काही महिने दूर राहून पुन्हा तपासायला सांगितले. भट्टीमुळेच झाले असे त्यांनी म्हटले नाही, मीही म्हणत नाही. मालकाने प्रथम नकार दिला, आम्ही बोलणी केली, पाळीपाळीने माणसे बदलण्याचे ठरले. त्यांना मूल झाले की नाही हे मी येथे सांगणार नाही, ती त्यांची गोष्ट आहे. बायको माहेरी गेली नाही, एवढे सांगतो.

माझे मागणे थोडे आहे. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची, आणि एकाच दिवशी, व्हावी. पुरुषाची पहिली तपासणी सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे, स्त्रीच्या तपासण्या तशा नाहीत. बाईला सुईखाली पाठवून पुरुषाने ओट्यावर बसून राहणे, हे आता अज्ञान म्हणून माफ करता येणार नाही. जेथे शिसे, कीटकनाशके वा भट्टीची धग आहे तेथे कामगारांनी मालकाला लेखी विचारावे. आणि दवाखाना निवडताना २०२१ च्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी आहे का ते पाहावे, कारण या दुःखावर धंदा करणारेही पुष्कळ आहेत.

माझी आत्या आता नाही. शेवटच्या आजारात मी तिला कलकत्त्याच्या डॉक्टरांची आणि आनंदकुमारांची ही सारी हकीकत सांगितली होती. तिने ती नीट ऐकून घेतली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "म्हणजे त्या माणसानं कबूल केलं की आपण पहिले नाही." मी म्हटले, "हो." ती म्हणाली, "आमच्याकडं कोणी कबूल केलं नाही रे."

तिच्या वतीने मी आज आपल्यापुढे उभा राहिलो.